बंद पडलेला जुना स्मार्टफोन पुन्हा सुरू करताना आधी काय करावे आणि काय टाळावे?

जुनी_पेठ

२०१५ साली घेतलेला माझा एक अँड्रॉइड फोन गेली काही वर्षे कपाटाच्या खणात पडून आहे. आमचा नारायण पेठेतला वाडा पुनर्विकासासाठी पाडला गेला, त्याआधी मी त्याच्या चौकाचे, देवळ्यांचे, जिन्याचे आणि माळ्यावरच्या तुळयांचे फोटो याच फोनवर काढले होते आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही. आता चुलतभावाला ते फोटो हवे आहेत म्हणून फोन बाहेर काढला, तर चार्जर लावून अर्धा तास ठेवला तरी पडदा काळाच राहतो. बॅटरी काढता येण्यासारखी नाही. त्यात आणखी अडचण अशी की, फोन वापरात होता तेव्हाच त्याचे पॉवरचे बटण निकामी झाले होते आणि मी पडद्यावर दोनदा टिचकी मारून तो जागा करीत असे.

तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने ‘बोर्ड गेला असेल, नाहीतर सॉफ्टवेअर मारून बघू’ असे सांगितले. त्यात फोटो जातील का, या प्रश्नावर त्याने नुसते खांदे उडवले, तेव्हा मी फोन परत घेऊन आलो. मला हा फोन वापरायचा नाही. तो फक्त एकदा सुरू व्हावा आणि फोटो उतरवून घेता यावेत, एवढेच हवे आहे. जाणकारांनी कृपया सांगावे की, कोणत्या क्रमाने प्रयत्न करावेत?

ओहमचा_नियम

अर्धा तास फार थोडा आहे. लिथियम-आयन बॅटरीचा विजेचा दाब (व्होल्टेज) पूर्ण चार्ज असताना साधारण ४.२ ते ४.३५ व्होल्ट असतो आणि तो सव्वातीन-साडेतीन व्होल्टपर्यंत उतरला की फोन स्वतःहून बंद होतो. मात्र बंद फोनसुद्धा किंचित वीज खात राहतो आणि बॅटरीही आपसूक झिरपत राहते, त्यामुळे वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या फोनमध्ये हा दाब आणखी खाली जातो. तो अडीच ते तीन व्होल्टच्या खाली गेला की बॅटरीतले संरक्षक सर्किट तिला उरलेल्या फोनपासून तोडून टाकते. अशा वेळी चार्जर लावल्यावर फोनमधली चार्जिंगची चिप आधी अगदी बारीक प्रवाह सोडते, कारण इतक्या रिकाम्या बॅटरीत एकदम मोठा प्रवाह सोडणे धोक्याचे असते. दाब तीन व्होल्टच्या आसपास चढेपर्यंत पडद्यावर बॅटरीचे चित्रसुद्धा उमटत नाही, आणि नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक लोक फोन मेला असे ठरवून मोकळे होतात.

साधा ५ व्होल्ट, १ अँपिअरचा चार्जर घ्या आणि ज्या केबलवर दुसरा फोन चार्ज होतो आहे तीच केबल वापरा. जुन्या मायक्रो यूएसबीच्या खाचेत खिशातला कापूस आणि धूळ दडपून बसलेली असते. ती लाकडी काडीने हलकेच काढावी, सुईने नव्हे. लॅपटॉपला लावू नका, कारण यूएसबी २.० च्या पोर्टमधून जेमतेम ५०० मिलीअँपिअर मिळतात. मग दिवसाढवळ्या, तुमच्या नजरेसमोर, किमान तीन-चार तास फोन तसाच राहू द्या. तासाभराने चार्जिंगच्या खाचेजवळ किंचित ऊब लागली, तर आत प्रवाह जातो आहे असे समजावे.

चहा_कमी_साखर

घरातल्या सर्वांना ‘या चार्जरला हात लावू नये’ अशी लेखी नोटीसही द्यावी. आमच्याकडे जुना फोन सुरू न होण्याचे मुख्य कारण हे असते की, दर दहा मिनिटांनी कोणीतरी ‘माझा जरा लावतो’ म्हणून त्याचा चार्जर काढून घेते.

रसायनवाले

ओहमचा_नियम यांचे म्हणणे मान्य आहे, परंतु त्याआधीची एक पायरी राहून गेली आहे. फोन टेबलावर सपाट ठेवून पाहा. तो डगमगत असेल, मागचे झाकण फुगले असेल, पडद्याची कड उचलली गेली असेल किंवा गोडसर, रंगाच्या दुकानासारखा वास येत असेल, तर चार्जर मुळीच लावू नये. बॅटरीच्या आत रासायनिक विघटन होऊन वायू साठला की ती फुगते आणि अशा बॅटरीत आणखी वीज भरणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. ती टोचून वायू काढण्याचे व्हिडिओ फिरत असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आपले फोटो बॅटरीत नसून मुख्य बोर्डावरच्या मेमरी चिपमध्ये आहेत, हे ध्यानात घ्या. फुगलेली बॅटरी दुरुस्तीवाल्याकडून काढून टाकली आणि तिच्या जागी दुसरी बसवली, तर फोटोंना काहीही होत नाही. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये, कारण कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेल्यास पेट घेऊ शकते. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि बॅटरीच्या कचऱ्यासाठीही २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत. नोंदणीकृत संकलन केंद्रांवर या वस्तू स्वीकारल्या जातात.

दख्खनचा_तुतारीवाला

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. माझ्या जुन्या फोनची बॅटरी बाहेर काढता येत होती. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली आणि सकाळी लावली, तर फोन सुरू झाला. काही मित्रांनी ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीने क्षणभर झटका देऊनही फोन जागे केले आहेत. पुस्तकात नसले तरी हे उपाय चालतात.

ओहमचा_नियम

तुतारीवाले, तुमचा फोन सुरू झाला याबद्दल शंका नाही, पण तो फ्रीझरमुळे सुरू झाला यावर माझा विश्वास नाही. गारव्याने लिथियम-आयन बॅटरीतली अंतर्गत हालचाल मंदावते आणि तिची ताकद तात्पुरती घटतेच. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव जमते ते वेगळेच. शिवाय थंडगार बॅटरी चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियमचा थर साचू शकतो आणि पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती राहते. बॅटरी काढून पुन्हा लावल्यामुळे फोनचे सर्किट पूर्णपणे बंद होऊन नव्याने सुरू झाले असावे, एवढाच त्याचा अर्थ मी काढतो. ९ व्होल्टचा झटका तर ४.२ व्होल्टच्या घटाला देऊच नये. संरक्षक सर्किटने ज्या कारणासाठी दार लावले आहे, तेच दार लाथेने उघडण्याचा हा प्रकार आहे.

दख्खनचा_तुतारीवाला

फ्रीझरबाबत वाद घालत नाही. आमच्या घरी तो आता फक्त मटारांसाठी राखून ठेवला आहे. परंतु बॅटरी काढता येण्याची सोय गेली हे वाईटच झाले. सॅमसंगच्या गॅलेक्सी मालिकेत २०१४ च्या एस ५ पर्यंत मागचे झाकण नखाने उघडत असे. २०१५ च्या एस ६ पासून ते बंद झाले आणि हँग झालेल्या फोनवरचा सर्वांत खात्रीचा उपाय हातातून गेला.

कळा_आणि_कळी

त्या उपायाची जागा आता बटणांच्या जोड्यांनी घेतली आहे. हे धागाकर्त्यांना कदाचित उपयोगी पडणार नाही, पण इतर वाचकांसाठी लिहून ठेवतो. सॅमसंगच्या बऱ्याचशा फोनमध्ये आवाज कमी करण्याचे बटण आणि पॉवरचे बटण एकत्र सात-आठ सेकंद दाबून धरले की फोन सक्तीने पुन्हा सुरू होतो. इतर बहुसंख्य अँड्रॉइड फोनमध्ये नुसते पॉवरचे बटण दहा ते तीस सेकंद दाबून ठेवले तरी तोच परिणाम साधतो. आयफोनमध्ये ६ एस आणि त्याआधीच्या फोनना होम व पॉवर ही दोन बटणे, आयफोन ७ ला आवाज कमी करण्याचे व पॉवरचे बटण, आणि आयफोन ८ पासून पुढे आवाज वाढवण्याचे बटण दाबून सोडणे, कमी करण्याचे दाबून सोडणे आणि मग बाजूचे बटण सफरचंदाचे चिन्ह दिसेपर्यंत दाबून धरणे, असा क्रम आहे. नोकियाच्या विंडोजवरच्या लुमिया फोनमध्येही आवाज कमी करण्याचे आणि पॉवरचे बटण दहा सेकंद धरावे लागे.

सक्तीने पुन्हा सुरू केल्याने साठवलेली माहिती जात नाही. लोक घाबरून हे टाळतात आणि त्याऐवजी रिकव्हरीच्या, म्हणजे फोन नेहमीसारखा सुरू न होता उघडणाऱ्या दुरुस्तीच्या पडद्यावर जाऊन नको ते पर्याय निवडतात, ते मात्र खरोखर घातक ठरते.

मुळशी_धरण

रिकव्हरीत जाऊन फक्त कॅशे, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचा साठा, पुसली तर? त्यात फोटो जात नाहीत असे ऐकले आहे.

कळा_आणि_कळी

ऐकले ते बरोबर आहे, पण ज्या यादीत कॅशे पुसण्याची ओळ असते तिच्याच शेजारी सारे काही पुसून टाकणारी ओळही असते आणि बोट घसरले तर वाड्याचे फोटो वाड्याच्याच मार्गाने जातील. शिवाय फोनला वीजच मिळत नसेल, तर कॅशे पुसून काय साधणार? जो फोन कंपनीच्या बोधचिन्हावर अडकून बसतो त्याच्यासाठी हा उपाय आहे.

बोर्ड_दुरुस्ती_नाशिक

माझे स्वतःचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे, म्हणून आमच्या बाजूनेही थोडे लिहितो. ‘सॉफ्टवेअर मारणे’ म्हणजे फोनची कार्यप्रणाली नव्याने चढवणे, आणि त्यात गिऱ्हाइकाची माहिती बहुतेक वेळा पुसली जाते. म्हणून माहिती हवी असलेल्या फोनला तो शेवटचा उपायसुद्धा मानू नये. फॅक्टरी रीसेट केल्यास आणखी एक कटकट होते: अँड्रॉइड ५.१ पासून आलेल्या संरक्षणामुळे रीसेटनंतर फोन आधीचे गूगल खाते आणि त्याचा पासवर्ड मागू शकतो, आणि जुना पासवर्ड गिऱ्हाइकाच्या लक्षात नसतो.

दुकानात पद्धत अशी असते. फोन उघडून बॅटरी सोडवायची आणि बोर्डाला बाहेरच्या डीसी सप्लायवरून साधारण ४ व्होल्ट द्यायचे. कोणतेही बटण न दाबता सप्लायवरचा प्रवाह दाखवणारा काटा वर गेला, तर बोर्डावर शॉर्ट आहे. पॉवरचे बटण दाबल्यावर काटा वर-खाली होत राहिला, तर फोन आतून जागा होतो आहे आणि दोष पडद्याकडे किंवा बॅटरीकडे शोधायचा. दाबूनही काटा हलला नाही, तर आधी बटणाची पट्टी पाहायची. पॉवरचे बटण एका पातळ लवचिक पट्टीवर बसवलेले असते, आणि बटण गेले म्हणजे बहुतेक वेळा ही पट्टीच गेलेली असते. ती थोडक्या खर्चात बदलता येते. नवी पट्टी मिळाली नाही तर बोर्डावरचे तिचे दोन बिंदू चिमट्याने क्षणभर जोडूनही फोन सुरू करता येतो. ज्या दुकानदाराने फोन न उघडताच बोर्ड गेल्याचा निर्वाळा दिला, त्याच्याकडून परत आलात हे उत्तम केलेत. दुसरीकडे जाताना ‘फोन दुरुस्त करू नका, फक्त माहिती काढून द्या’ असे आधीच स्पष्ट सांगा.

जुनी_पेठ

सर्वांचे आभार. रसायनवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे फोन टेबलावर ठेवून पाहिला. तो फुगलेला नाही. धूळ काढून दुसऱ्या केबलने सकाळपासून चार्जिंगला लावला होता. दुपारी पडद्यावर बॅटरीचे चित्र आले आणि आता आकडा हळूहळू चढतो आहे. मात्र बटण निकामी असल्यामुळे ‘चार्ज होतो आहे’ याच्या पुढे गाडी सरकत नाही. बंद अवस्थेत दोनदा टिचकी मारूनही उपयोग नाही.

फ्रीमाँटचा_कोकणस्थ

अभिनंदन! आयफोन असता तर चार्जर लावल्यावर पुरेशी वीज भरताच तो आपण होऊन सुरू झाला असता. बरेच अँड्रॉइड फोन मात्र बंद राहूनच चार्ज होतात. आमच्याकडे अमेरिकेत जुन्या फोनची दुसरीच गंमत झाली. एटी अँड टीने २०२२ च्या फेब्रुवारीत थ्री-जी सेवा बंद केली, तेव्हा सुस्थितीत सुरू होणारे फोनसुद्धा कॉलपुरते मुके झाले. भारतात २०१६ साली सुरू झालेल्या जिओचे थ्री-जी नेटवर्क कधीच नसल्याने जुन्या थ्री-जी फोनमध्ये ते सिम घालून ‘नेटवर्क येत नाही, फोन बिघडला’ अशी तक्रार माझ्या वडिलांनी केली होती. तुम्हाला फोटोच हवे असल्याने सिम घालण्याच्या भानगडीत पडू नये.

तीन_वाजताचा_कोडर

बटणाशिवाय सुरू करण्याचा एक मार्ग आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये, सर्वांत नव्हे, फोन बंद असताना आवाज कमी करण्याचे बटण दाबून धरले आणि तशातच संगणकाची केबल जोडली, तर फोन फास्टबूट किंवा बूटलोडरच्या, म्हणजे कार्यप्रणाली सुरू होण्याआधीच्या पडद्यावर जातो. संगणकावर गूगलची ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ ही मोफत साधने आणि विंडोज असल्यास फोनचा ड्रायव्हर घालून घ्यावा. मग ‘फास्टबूट डिव्हाइसेस’ ही आज्ञा दिल्यावर फोनचा क्रमांक दिसला, की ‘फास्टबूट रिबूट’ एवढी एकच आज्ञा द्यावी. फोन नेहमीसारखा सुरू होईल. यासाठी फोनमध्ये आधी डेव्हलपर पर्याय चालू केलेले असण्याची गरज नसते. ती गरज ‘एडीबी’साठी, म्हणजे सुरू असलेल्या फोनला संगणकावरून आज्ञा देण्याच्या साधनासाठी, असते.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. फास्टबूटच्या पडद्यावर काही फोन नीट चार्ज होत नाहीत, म्हणून आधी बॅटरी निम्म्याच्या वर जाऊ द्या. आणि महाजालावर शोधताना बूटलोडर ‘अनलॉक’ करण्याचा सल्ला हमखास भेटेल. तो पाळू नये, कारण अनलॉक करताना फोन आतली माहिती पुसतो.

सदाशिवसुत

अवांतर होईल, परंतु मूळ दोष मला वेगळाच वाटतो. लोक फोन वर्षानुवर्षे एकदाही बंद करीत नाहीत आणि तो स्वतःहून बंद पडला की मग धागे निघतात. दर आठवड्याला एकदा फोन बंद करून सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे.

मुळशी_धरण

त्याने पॉवरचे बटण अधिक लवकर झिजेल आणि असे आणखी धागे निघतील.

तीन_वाजताचा_कोडर

सदाशिवसुत यांच्या मताला आधार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २०२० साली काढलेल्या सूचनापत्रात आठवड्यातून एकदा फोन बंद करून सुरू करण्याचा सल्ला दिला होता, कारण काही हेरगिरीचे प्रोग्रॅम फक्त चालू स्मृतीत (रॅममध्ये) राहतात आणि फोन पुन्हा सुरू झाला की नाहीसे होतात. जुन्या, एक-दोन जीबी स्मृतीच्या फोनमध्ये रेंगाळणारी अॅप्स झटकली जातात हा आणखी एक फायदा. मुळशी_धरण यांच्या शंकेबद्दल सांगायचे, तर अनेक फोनमध्ये सूचनांच्या पट्टीतून किंवा सुलभता मेनूतून बटण न दाबता रीस्टार्ट करता येते. आता तर आयफोन आणि अद्ययावत अँड्रॉइड फोन सलग तीन दिवस कुलूपबंद राहिले, तर आपण होऊन पुन्हा सुरू होतात. पुन्हा सुरू झालेला फोन पहिल्यांदा पिन घालून उघडेपर्यंत बोटाचा ठसा घेत नाही आणि त्यातली माहितीही कूटबद्धच राहते.

चहा_कमी_साखर

म्हणूनच सकाळी आलेल्या फोनवर बायकोच्या नावाऐवजी नुसता क्रमांक दिसला आणि मी ‘कोण बोलतंय?’ असे विचारून बसलो. सुरक्षेची किंमत मोजावी लागते.

रसायनवाले

मूळ विषयाकडे येऊ या. बॅटरी म्हातारी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. फोन सुरू होताना प्रोसेसर एकदम जास्त प्रवाह ओढतो, दाब कोसळतो आणि बोधचिन्ह दिसते न दिसते तोच फोन पुन्हा बंद पडतो. याच कारणाने जुने आयफोन अचानक बंद पडत असत. ते टाळण्यासाठी आपण त्यांचा वेग कमी करीत असल्याचे ॲपलने २०१७ च्या डिसेंबरमध्ये मान्य केले होते. त्यामुळे ‘फास्टबूट रिबूट’ दिल्यावर जुनी_पेठ यांचा फोन बोधचिन्हावरून पुन्हापुन्हा मागे फिरला, तर केबल संगणकातून काढून लगेच भिंतीवरच्या चार्जरला लावावी.

जुनी_पेठ

फोन सुरू झाला! भाचीने संगणकावर ती साधने घातली. पहिल्यांदा ड्रायव्हर नसल्यामुळे फोनचा क्रमांक दिसला नाही, तो घातल्यावर दिसला. आज्ञा दिल्यावर बोधचिन्ह आले, फोन दोन वेळा मागे फिरला आणि रसायनवाल्यांच्या सांगण्याप्रमाणे भिंतीवरच्या चार्जरला लावताच स्थिर झाला. पडद्याचा नमुना बोटांना अजून पाठ होता. आता तारीख १ जानेवारी १९७० दाखवतो आहे आणि वायफाय जोडल्यावर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याचे सांगतो आहे. हा फोनचा बिघाड आहे का?

तीन_वाजताचा_कोडर

हा बिघाड नाही. बॅटरी पूर्ण उतरल्यामुळे आतले घड्याळ शून्यावर गेले आणि अँड्रॉइडचे शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०. त्या तारखेला संकेतस्थळांची ओळख पटवणारी आजची कोणतीच सुरक्षा प्रमाणपत्रे जन्माला आलेली नाहीत, म्हणून तक्रारी येतात. तारीख हाताने दुरुस्त केली की बऱ्याच थांबतील. काही उरतील, कारण अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनमध्ये ही प्रमाणपत्रे ज्यांच्या आधारे तपासली जातात ती काही नवी मूळ प्रमाणपत्रेच नाहीत.

पण वायफाय हवेच कशाला? अद्ययावत करण्याची सूचना आली तर नाकारा, चार्जिंग निम्म्याच्या वर गेले की केबल संगणकाला जोडा, फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा आणि फोटोंचा सगळा फोल्डर उतरवून घ्या. व्हॉट्सअॅपचाही फोल्डर घ्यावा. अँड्रॉइड ५ च्या आधीच्या फोनवर ते अॅप आता चालत नाही, तुमच्या फोनवरही ते कदाचित नवी आवृत्ती मागेल, पण आलेले फोटो ‘मीडिया’ नावाच्या फोल्डरमध्ये साध्या फाइली म्हणून पडलेले असतात आणि ते पाहायला अॅप उघडावे लागत नाही. आणि हे सगळे होईपर्यंत फोन बंद करू नका.

जुनी_पेठ

चौक, देवळ्या, जिना आणि माळा असे सगळे फोटो संगणकावर उतरले आहेत आणि दुसरी प्रत पेनड्राइव्हवर घेऊन चुलतभावाकडे धाडली आहे. त्याने पाहताक्षणी विचारले की, तुळईवरची पितळी कडी कोणी नेली. त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

बोर्ड_दुरुस्ती_नाशिक

कडीबाबत मदत करता येणार नाही. फोन पुन्हा खणात ठेवणार असाल, तर बॅटरी निम्मी भरलेली असताना बंद करा आणि चार-सहा महिन्यांनी पुन्हा चार्ज करा. त्याआधी पॉवरची पट्टी मात्र बदलून घ्या.